काही नाही गं, नुसतं पाणी!

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गॅलरीत रिकामे डबे जमतात तसे ते जमतात. ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून एक ठेवला जातो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि एक दिवस कपडे वाळत घालताना पाय ठेवायला जागा उरत नाही. माझं तसंच झालंय. लग्न होऊन मुलुंडला आले त्याला आता दीडेक वर्ष होईल. तेवढ्यात ह्या एका बिल्डिंगमधल्या झाडांचेच इतके किस्से साठलेत, की कुणाला तरी सांगून जरा जागा करावी म्हणते.

मी कमी बोलते, अशी बिल्डिंगमध्ये माझी ख्याती आहे. त्याचा फायदा असा, की माझ्यासमोर सगळे काहीही बोलतात. कपाटासमोर बोलावं तसं!

तर आमची बिल्डिंग तीन मजली. प्रत्येक घराला गॅलरी आणि प्रत्येक गॅलरीत झाडं. कुंड्या कुणी विकत आणत नाही. माझे मिस्टर, म्हणजे मोहन, रंगाच्या कारखान्यात आहेत. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगची झाडं त्यांच्या कृपेनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाढतात. दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. मोहन, मी आणि सासूबाई. सासूबाई कुडाळकडच्या. मुंबईत जन्म गेला तरी त्यांनी मालवणी सोडलेली नाही आणि मासेही.

आणि शेजारी शुभा.

शुभा माझ्याच वयाची. लग्नही आगेमागेच झालेलं. पण तिचा राजाराणीचा संसार! सासू नाही, नणंद नाही. घरात सोफा, कलर टीव्ही, सकाळी दहापर्यंत मॅक्सी. नवरा औषधांच्या कंपनीत, सारखा टूरवर, आणि येताना हातात काहीतरी नवीन. ह्या सगळ्यावर कडी म्हणजे तिच्या हाताला गुण. तिनं छत्रीची दांडी रोवली असती तरी पालवी फुटली असती. माझ्या हाती आलेलं झाड मात्र आधी जरा विचार करायचं आणि मग मान टाकायचं.

मला तिचा राग नव्हता. नुसतं बघवत नव्हतं, एवढंच.

*

सासूबाईंचा एक गुलाब आहे, गावठी, गुलाबी. त्याला त्या मासे धुतलेलं पाणी घालतात. बांगडा असला की बांगड्याचं, सुरमई असली की सुरमईचं. गुलाब असा फुलतो की बघत राहावं.

खाली कोकिळाबेन राहतात. कांदा-लसूणही न खाणारं घर. त्यांच्या देवाला रोज आमच्या गुलाबाचं एक फूल जातं. एकदा त्या फूल न्यायला आल्या आणि म्हणाल्या, “मांजी, तुमचा गुलाबमां काय जादू हाय? मी तर चोख्खं दूध घालते, तरी असा येत नाय!”

सासूबाईंचा चेहरा ढिम्म.

“पाणी घालतंय,” त्या म्हणाल्या.

“फक्त पाणी?”

“पाणीच. पण दोनदा वापरलेला.”

कोकिळाबेन भारावून गेल्या. काटकसर त्यांना फार आवडते. त्या गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, “दूध घालता म्हणे! अगो, ह्या रोप मालवणी आसा. दुधान त्येचा काय होतला?”

*

मोहन सकाळचा चहा गॅलरीत घेतात. आमच्या आणि शुभाच्या गॅलरीच्या मध्ये फक्त एक लोखंडी जाळी आहे. त्यामुळे चहा आमचा आणि देखावा तिचा, असं ते चालतं.

“शुभाचा मोगरा बघितलास? झकास!” हे रोजचं.

मीही एक मोगरा लावला होता. माहेरून, पेणहून आणलेला. तो नुसता हिरवा. मी शुभाला विचारलं, “काय घालतेस गं?”

“काही नाही गं, नुसतं पाणी!”

आमच्या बिल्डिंगमध्ये हे उत्तर सगळ्याच बायका देतात. गोऱ्या बायकांना विचारलं की ‘काही नाही, नुसता साबण’ म्हणतात, तसं. म्हणून मी लक्ष ठेवलं. आणि एका दुपारी सापडली! पातेलीभर ताक, पाणी घालून पातळ केलेलं, मोगऱ्याच्या बुडाशी.

दुसऱ्या दिवशी आमचंही ताक मोगऱ्याला गेलं. पातळ न करता. म्हटलं, तिच्यापेक्षा जास्तच असू दे!

मोगऱ्याला मुंग्या लागल्या. आणि जेवायच्या वेळी सासूबाईंनी भांडं उघडलं. “ताक खंय गेला?”

मोहननी माझ्याकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं, मुंग्यांच्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, “मीया प्यालंय, आये.”

“सगळा?”

“तहान लागली होती.”

त्यांना ताक आवडत नाही. वासही सहन होत नाही. सासूबाईंना हे त्यांच्या जन्मापासून माहीत आहे. त्या दिवसापासून सासूबाई जेवताना मोहनपुढे मोठा पेला भरून ताक ठेवायला लागल्या. “पी बाबा, तुका आवाडता मां!”

आठवडाभर बिचारे नाक दाबून पीत होते. जाळीपलीकडून शुभानं एकदा विचारलं, “काय गं, तुमच्याकडे रोज जेवताना एवढं हसायला काय होतं?”

मी म्हटलं, “काही नाही.” मनात म्हटलं, तुझ्या मोगऱ्यामुळेच होतंय सगळं!

*

मोगऱ्याचं खरं दुखणं होतं ऊन. समोरच्या बिल्डिंगमुळे आमच्या गॅलरीत ऊन येतं ते फक्त जाळीच्या कोपऱ्यात, तेही टेकायला आल्यासारखं. शुभाकडे मात्र सकाळभर लख्ख. ऊनसुद्धा तिचंच!

मी माझा डबा जाळीला चिकटवून ठेवला. मोगऱ्याला तेवढं पुरलं. त्यानं एक लांबलचक फांदी काढली आणि जाळीच्या भोकातून सरळ शुभाच्या गॅलरीत घातली. मी इकडे ताक घालतेय, चहाचा चोथा घालतेय, मान तिकडे!

आणि एका सकाळी मोहन चहाचा कप घेऊन उभे. “अगं, लवकर ये! शुभाच्या मोगऱ्याला काय टपोरी फुलं आलीयेत बघ!”

मी बघितलं. फांदीवरून मागे मागे नजर आणली. जाळीतून आत, डब्यापर्यंत. डबा माझा, पेणहून आणलेल्या मोगऱ्याचा.

तेवढ्यात शुभा आली, तिनं ती फुलं खुडली आणि केसांत माळली. जाळीतून माझ्याकडे बघून गोड हसली. “ह्या वेळचा बहर काही वेगळाच आहे ना गं?”

मूळ माझं असलं तरी फूल कुठे उमललं ते बघायचं असतं. मी म्हटलं, “छान दिसतायत.”

छानच दिसत होती, हेच तर दुःख!

*

तिसऱ्या मजल्यावर गद्रे काका. औषधांच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. बायकांचे हे ताक, चोथा, मासे वगैरे प्रकार बघून त्यांचं डोकं फिरलं. “अंधश्रद्धा आहे ही! आपण शास्त्रीय प्रयोग करू.”

चार सारखे डबे. सारखी माती. प्रत्येकात चवळीचे दाणे. कोकिळाबेननी साधं पाणी घालायचं, सासूबाईंनी साखरेचं, शुभानं दूध, आणि मी मिठाचं.

मिठाचं माझ्याचकडे का, ते मला कळलं नाही. माझ्या हातचा गुण बघून दिलं असणार.

मी आज्ञाधारक. रोज तांब्यात मीठ विरघळवून घालत होते आणि रोज रोपाची माफी मागत होते. रोप मात्र टरारून वर! शुभाच्या डब्यातल्या दुधाला मात्र असा वास सुटला, की दोन्ही गॅलऱ्यांची दारं बंद करून बसावं लागलं. चवळी त्यात कुजून गेली.

रविवारी गच्चीवर निकाल. माझं रोप सगळ्यांत उंच. आयुष्यात पहिल्यांदा माझं झाड शुभाच्या झाडापेक्षा मोठं! मी डबा मुद्दाम तिच्या डब्याच्या शेजारी ठेवला.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “आश्चर्य आहे! मिठाचं पाणी मानवतं म्हणायचं!” शास्त्र ते शास्त्र. काकांनी खाली उतरून स्वतःच्या जास्वंदीला मिठाचं पाणी सुरू केलं.

थोड्याच दिवसांत जास्वंदीची वाट लागली.

मला राहवेना. मी सासूबाईंना विचारलं, “आई, माझी चवळी कशी काय वाढली?”

त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तू पाणी घालून आत गेलंस काय मी ती माती काढून दुसरी भरी. साध्या पाण्यान भिजवून.”

“रोज?”

“मगे? नवी सून घरात इली, आणि चार लोकांसमोर तिच्या हातान रोप मराचा? लोक काय म्हणतले?”

“आणि तुमचं साखरेचं?”

“रेशनची साखर मी झाडाक घालतलंय? येडी काय खुळी!”

मी हे कुणाला सांगणार नव्हते. पण जाळीला कान असतात. दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालता घालता शुभा म्हणाली, “मी एकटीच खरी वागले गं. म्हणून माझंच कुजलं.” आणि हसली. ते हसणं मला जरा लांबलं असं वाटलं. पण वास अजून येत होता, त्यामुळे मी आत गेले.

*

आता मनी प्लांट.

शुभाचं मनी प्लांट परदेशी दारूच्या निमुळत्या बाटलीत, टीव्हीच्या शेजारी. तिथून खिडकीवर, खिडकीवरून दारावर, दारावरून हॉलभर फेरी मारून परत आलेलं. बिल्डिंगमधलं एकूण एक मनी प्लांट तिच्याकडचं. पण मागून नेलेलं नाही. मनी प्लांट मागायचं नसतं, चोरायचं असतं! त्याशिवाय लाभत नाही. हे आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही माहीत.

मला माहीत होतं, मोहनना नव्हतं. माझी चुळबुळ बघून ते एका रविवारी बोरिवलीच्या नर्सरीत गेले आणि मनी प्लांटची फांदी विकत घेऊन आले. बसमधून, छातीशी धरून!

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “इकत? मनी प्लांट इकत हाडलंस? मेल्या, ता चोरूचा आसता! आणि तांय कोणाच्याय घरातला नाय. ज्या घरात सूख आसा, त्या घरातला.”

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

कारण शुभा दर चार-आठ दिवसांनी तक्रार करायची. “काल परत कुणीतरी तोडून नेलं गं! कंटाळा आला ह्या चोरांचा.” तोंडावर मात्र नवीन बांगड्या दाखवताना असते तशी कळा. म्हणजे सगळ्या बिल्डिंगचं मत असं, की सुख आहे ते शुभाकडे. आणि आमच्याकडे? सहा पानांचं मनी प्लांट, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. कुणी ढुंकून बघेना.

तुम्हाला हसू येईल, पण मला ते लागलं. नव्या नवरीनं घर कितीही चकचकीत ठेवलं तरी ‘हिच्याकडे सुख आहे’ असं कुणाला तरी बाहेरून वाटावं लागतं ना! कुणीतरी एक पान तरी चोरावं, एवढंच माझं म्हणणं.

मी बाटली दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवली. जाता-येता दिसेल अशी. दोन दिवस वाट बघितली. मग लोकांना सोयीचं पडावं म्हणून शेजारी एक कात्रीही ठेवली.

संध्याकाळी कात्री गेली!

*

बाटली परत आत आली, टीव्हीवर. तिथे टीव्हीच्या उष्णतेनं पानं पिवळी पडायला लागली. मी मुकाट्यानं पाणी बदलत होते. पण सासूबाईंना माझा चेहरा वाचता येतो. कुणीतरी त्यांना सांगितलं, की झाडाला ग्राइप वॉटरचे थेंब दिले की तरतरी येते. त्या तडक केमिस्टकडे गेल्या आणि भर दुकानात म्हणाल्या, “ग्राइप वॉटर द्या. सुनेसाठी व्हया.”

झालं! पिशवी दुसऱ्या मजल्यावर पोचायच्या आधी बातमी तिसऱ्यावर.

कोकिळाबेन गूळ-तुपाची सुखडी घेऊन आल्या आणि माझ्याकडे वरून खाली, खालून वर बघत राहिल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बोटांवर महिने मोजताना मी डोळ्यांनी पाहिल्या. मोहनकडे कारखान्यात पेढे मागितले गेले. मी प्रत्येकाला सांगत होते, “अहो, मनी प्लांटसाठी आणलंय.” त्यावर प्रत्येक जण समजूतदारपणे डोळे मिटायचा. “बरोबर आहे. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नसतंच!”

विश्वास ठेवला तो एकट्या गद्रे काकांनी. जिन्यात गाठून गंभीरपणे विचारलं, “किती चमचे?”

शुभाही आली. हातात वाटीभर लिंबाचं लोणचं, तिनं स्वतः घातलेलं. म्हणाली, “तुला आवडेल आता.” मी तिलाही मनी प्लांटचं सांगितलं. तिनं टीव्हीवरच्या त्या पिवळ्या बाटलीकडे बघितलं, मग स्वयंपाकघरात बघितलं. तिथे सासूबाई चमच्यानं थेंब मोजत होत्या आणि मोहन त्यांना चिडवत होते, “आये, ढेकर काढूक इसरू नको!”

“खरंच झाडासाठी?” शुभानं विचारलं.

“खरंच.”

“एवढ्याशा झाडासाठी?”

तिनं लोणचं ठेवलं आणि गेली. वाटी न्यायला आली नाही. मला वाटलं, माझ्या मनी प्लांटला नावं ठेवून गेली. दिवसभर ती वाटी बघितली की माझा जळफळाट होत होता. लोणचं मात्र उत्कृष्ट होतं. ह्यातही तीच पुढे!

*

ग्राइप वॉटरचा गुण म्हणा किंवा जागा बदलल्याचा म्हणा, टीव्हीवरून उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्यावर मनी प्लांट सुधारलं. मोरीचा ओलावा, पूर्वेचा कवडसा. गजाला वेटोळं घालून वर चढलं. पण आता ते इतकं आत होतं, की चोर यायचा तर त्याला आधी आमच्याकडे चहाला यावं लागलं असतं.

आणि मग गेल्या महिन्यात शुभा निघाली. कांदिवलीला, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये! मला वाटलं, आता ही लिफ्टनं वर जाणार आणि मी जिन्यानं.

सामान हलवायच्या दिवशी नवरा टूरवर. आदल्या दिवशी येणार होता, तार आली, जमत नाही म्हणून. मग मोहन आणि टेम्पोवाला मिळून कपाटं उतरवत होते आणि सासूबाई सगळ्यांवर ओरडत होत्या. बिल्डिंगमधल्या बायका हॉलमध्ये जमलेल्या. शुभा म्हणाली, “हे मनी प्लांट एवढं मोठं, मी काही नेत नाही. घ्या गं सगळ्यांनी, हवं तेवढं घ्या.”

कुणी हात लावेना. दिलेलं घेऊन काय उपयोग? सगळ्या जणी ‘नको, कशाला’ म्हणत भिंतीकडे बघत उभ्या. शुभाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, “मी जरा आत बघून येते हं, काही राहिलंय का,” आणि गेली. ती आत गेल्याबरोबर चार कात्र्या बाहेर! ती खोकत बाहेर आली की सगळ्या परत भिंतीकडे. असं तिनं तीन-चारदा ‘आत बघून’ घेतलं. शेवटी बाटलीत नुसते दांडे उरले.

मी तिथं काही घेतलं नाही. म्हटलं, ही एवढी वाटते आहे, त्यात माझी आणखी एक कशाला!

सगळं झाल्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. तिच्याकडे चहाचं भांडंही उरलं नव्हतं. सासूबाईंनी तिच्यासाठी घावणे बांधून ठेवले होते, संध्याकाळी नव्या घरात चूल पेटवत बसायला नको म्हणून. ती म्हणाली, “तुमच्याकडचा आवाज भिंतीतून ऐकायची सवय झालीय गं मला. तिकडे भिंती जाड आहेत म्हणे.”

मी टेम्पोवाल्याला चहा द्यायला बाहेर गेले. परत आले तर ती खिडकीपाशी उभी. “निघते,” म्हणाली. मी हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. तिनं पदर एका हातानंच धरला.

ती जिना उतरली. मी कप विसळायला वळले आणि खिडकीकडे लक्ष गेलं. मनी प्लांटचा शेंडा नव्हता! कालच आलेलं, अजून नीट न उलगडलेलं पोपटी पान, देठासकट. नखानं खुडलेलं. खुडल्या जागी पाण्याचा थेंब.

मी गॅलरीत धावले. खाली टेम्पो सुरू झालेला. ड्रायव्हरच्या शेजारी शुभा, मांडीवर घावण्यांचा डबा, उजवी मूठ पदरात.

“शुभा!”

माझा एवढा मोठा आवाज बिल्डिंगनं कधी ऐकला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरून गद्रे काका वाकले, खालून कोकिळाबेन बाहेर आल्या. शुभानं वर बघितलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिनं हात हलवला. डावा.

टेम्पोला पाठीमागून दोरी बांधत मोहननी ओरडून विचारलं, “काय गं? तिचं काही राहिलं का वर?”

“नाही,” मी म्हटलं. “घेतलंय तिनं.”